नाशकात इंदिरा नाही

लेस्टर, ४ मे २०२५

ती. दिवाकरमामांना अपूर्वाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी इंदिरेची मुलगी. तुमची धाकटी बहीण, जी एकसष्ट वर्षांपूर्वी घरातून निघून गेली, तिची. माझं वय चौपन्न, इथल्या एका शाळेत गणित शिकवते. मराठी आईने शिकवलं, पाटी-पेन्सिल घेऊन, प्रसंगी कान धरून. तेव्हा शुद्धलेखनात चूक सापडली तर बोल तिला लावा.

तुम्ही हयात आहात की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नाही. आई म्हणते, "दादा असणार. तो सहजी जागा सोडणारा माणूस नाही." पत्ता तिने तोंडपाठ सांगितला, तोच पाकिटावर घातलाय.

आईला यकृताचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, हे वर्ष पार पडलं तर पडलं. माझे बाबा, म्हणजे देवळालीला हवापालटासाठी आलेले नैरोबीचे हसमुख शहा, बारा वर्षांपूर्वी गेले. ते होते तोवर आईने माहेराचं नाव काढलं नाही. आता रोज काढते. हॉस्पिटलच्या कागदावर तिने मला घराचा नकाशा काढून दिलाय. ओसरी, माजघर, देवघर, मागचं दार, आणि त्या दारापासून थेट गंगेपर्यंत (गोदावरीला आई गंगाच म्हणते) उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पुढचं दार नकाशात काढायला ती विसरली. मी विचारलं तर म्हणाली, आम्ही पोरी सगळ्या मागच्याच दारी असायचो. तुमच्याकडे धुण्याभांड्याला कुसाबाई होत्या, त्यांची भागी आईच्याच वयाची. दोघी पायऱ्यांवर सागरगोटे खेळायच्या. भागीचं काय झालं तेवढं विचार, असा आईचा निरोप आहे.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. घर उभं आहे का? आणि असलं, तर तुम्ही तिला त्यात एक दिवस बसू द्याल का? ती तुम्हाला घाबरते, म्हणून हे मी लिहितेय. मी कुणाला घाबरत नाही.

तुमची भाची,
अपूर्वा

*

नाशिक, २९ मे २०२५

चि. अपूर्वास आशीर्वाद.

तुझं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. पोस्टमन ओळखीचा, म्हणून माझ्या हाती आलं.

इंदूच्या दुखण्याचं वाचून वाईट वाटलं. आईवडील जाऊन फार वर्षं झाली. मी ओझरच्या विमान कारखान्यातून तेवीस वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पत्नी गेली. मुलगा शौनक पुण्याला असतो. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन करू नये.

घर आता नाही. २००८च्या महापुरानंतर ते पाडावं लागलं. पायऱ्याही गेल्या. तेव्हा तिने अशा अवस्थेत सात समुद्र ओलांडून येण्यासारखं इथे काही उरलेलं नाही. हे तिला नीट समजावून सांग.

आणखी दोन गोष्टी. यापुढे पत्र माझे स्नेही रावजी यांच्या पिठाच्या गिरणीच्या पत्त्यावर पाठव. पत्ता खाली दिला आहे. पाकिटावर मागच्या बाजूला इंदूचं नाव घालू नकोस. आणि हल्ली तुम्ही लोक कॉम्प्युटरवर ओळखी काढता, तशा नाशिकच्या कुणाकडे चौकशा करू नकोस. मुल्हेरकरांची इंदिरा, हे शब्द इथे कुणापुढे उच्चारू नयेत. इथे आता तिचं कोणी नाही, आणि नाशकात इंदिराही नाही.

तिला माझे आशीर्वाद सांग.

दिवाकर

*

लेस्टर, २० जून २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. पिठाच्या गिरणीचा मजकूर मी गाळला. ती एवढंच म्हणाली, "अजून राग गेला नाही त्याचा." मग भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी तिने सूपही घेतलं नाही.

मी समजू शकते. जातीबाहेर लग्न, तेही १९६४ साली, न सांगता. तुमची मान खाली गेली असेल. पण मामा, एकसष्ट वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. माणसं खून करून सुटतात एवढ्या काळात.

घर पडलं असलं तर जमीन तर असेल? मी सप्टेंबरमध्ये आठ दिवस एकटी येतेय. जागा बघते, फोटो काढते, आईला प्रवास झेपेल का त्याचा अंदाज घेते. झेपणार असेल तर थंडीत तिला घेऊन येईन. तिकीट काढलं आहे, त्यामुळे येऊ नकोस असं लिहिण्यात तुमचा कागद फुकट जाईल.

आणि भागीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आईचं दोनदा विचारून झालं.

अपूर्वा

*

नाशिक, १२ जुलै २०२५

चि. अपूर्वास आशीर्वाद.

हट्ट इंदूचाच उचलला आहेस. ये.

मात्र मी सांगतो तसं वागायचं. उतरायचं हॉटेलात, कॉलेज रोडला. तिथून मी तुला घेऊन जाईन आणि जागा दाखवीन. एकटीने पंचवटीत हिंडायचं नाही. भाद्रपदात गंगेला पाणी असतं, घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, माणूस गेलं की गेलं. आणि रामकुंडावर जायचं नाही. पितृपक्षाची गर्दी असते. तिथले गुरुजी परक्या माणसाला गाव विचारतात, आडनाव विचारतात, वह्या काढून बसतात. त्यांच्या नादी लागू नकोस. ही सूचना नाही, विनंती आहे.

कुसाबाईची मुलगी त्याच सुमारास कुठेशी निघून गेली. पुढचं मला माहीत नाही.

दिवाकर

*

लेस्टर, २८ सप्टेंबर २०२५

मामा,

सुखरूप पोचले. तुम्ही ब्याऐंशीच्या पुढे असून रिक्षातून माझ्याबरोबर हिंडलात, बागलाणची डाळिंबं आणलीत, आईसाठी शाल दिलीत. ती शाल तिने पांघरली आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिल्यावर लिहिता येणार नाही.

पुरानंतर पत्ते बदलले असं सांगून गंगापूर रोडवरची जी मोकळी जागा तुम्ही दाखवलीत, तिचे फोटो आईने पाहिले. खूप वेळ पाहिले. मग विचारलं, "गंगा कुठंय यात?" मी म्हटलं, नदी तिथून लांब आहे. ती म्हणाली, "मग हे आमचं घर नव्हेच. आमच्या माजघरात पाण्याचा आवाज यायचा."

मला वाटलं होतं तुम्हाला लाज वाटते. घर विकलं असेल, किंवा तुम्ही हलाखीत राहत असाल आणि मला दाखवायचं नसेल. त्या भाजीबाजारातल्या म्हातारीचंसुद्धा मला तेव्हा काही वाटलं नाही. आठवतंय ना? आपली रिक्षा अडकली होती. पालेभाजीवाली उठून आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ह्या तर अक्षी मुल्हेरकरांच्या बाई." तुम्ही पुढे वाकून तिला म्हणालात, मुल्हेरकरांत आता बाई कुणी नाही. मग रिक्षावाल्याला दुसऱ्या गल्लीतून घ्यायला लावलंत. हातातली काठी तुमच्याकडून दोनदा खाली पडली. मी उचलून दिली.

आता माझा गुन्हा. शेवटच्या दिवशी सकाळी मी रामकुंडावर गेले. तुम्ही नको म्हणाला नसतात तर गेले नसते. विश्वेश नावाचे गुरुजी भेटले, पन्नाशीचे, बोलायला गोड. त्यांनी गाव विचारलं. मी म्हटलं, मूळ सटाण्याचे, मुल्हेरकर. चहा येईपर्यंत त्यांनी लाल कापडात बांधलेली वही पुढ्यात आणली. त्यांच्या घराण्याकडे सटाण्याच्या घराण्यांची दोनशे वर्षांची नावं आहेत म्हणे, ज्याने त्याने येऊन आपल्या हाताने लिहिलेली. खापरपणजोबांची सही मला दाखवली. मला रडू यायला लागलं. मग त्यांनी पान उलटलं.

मी उतरवून आणलं आहे: शके १८८६, भाद्रपद वद्य. कन्या इंदिरा, वय अठरा, अविवाहित, गंगेस पूर आला असता बुडून मृत. देह मिळाला. दहन व उत्तरक्रिया बंधू दिवाकर याने केली. खाली सही. तुमच्या पत्रांखाली असते तीच.

गुरुजींनी माझ्या हातात पेन दिलं. म्हणाले, आता तुम्ही आपली नोंद करा, कुणाच्या कोण ते लिहा. मी काय लिहायचं होतं मामा? अविवाहित मेलेल्या मुलीची सात वर्षांनी झालेली मुलगी? मी पेन खाली ठेवलं आणि हॉटेलात परत आले.

आईला यातलं मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्ही सांगा. देह मिळाला, असं लिहिलंय. कुणाचा?

अपूर्वा

*

नाशिक, १८ ऑक्टोबर २०२५

चि. अपूर्वास,

रामकुंडावर जाऊ नकोस म्हटलं होतं.

लपवण्यासारखं आता काही नाही, तेव्हा लिहितो. इंदू गेली त्या आठवड्यात गंगेला पूर होता. पाचव्या दिवशी खाली दसक गावाच्या बाजूला एका मुलीचं प्रेत लागलं. पाण्यात राहून चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. वय तेवढंच, बांधा तोच. वडील खचलेले होते. त्यांना वाटलं, इंदूने जीव दिला. त्यांनी ओळख पटवली, मी क्रिया केली. चूक झाली. अशा चुका होतात.

एकदा क्रिया झालेलं माणूस जिवंत आहे असं कळलं, तरी ते परत घरात घेता येत नाही. निदान तेव्हा येत नव्हतं. त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं, तुपाने न्हाऊ घालण्यापासून सगळे संस्कार पुन्हा करावे लागतात. वडील ह्या बाबतीत कडक होते. म्हणून आम्ही गप्प राहिलो. यात कुणाचं नुकसान झालं नाही.

मी त्र्याऐंशीचा आहे. हे इथेच थांबव. इंदूला सांगू नकोस. तिने घराची जी आठवण जपली आहे ती तिच्यापाशी राहू दे.

दिवाकर

*

लेस्टर, ९ नोव्हेंबर २०२५

मामा,

आईला सांगितलं. ती माझी आई आहे आणि मेली आहे की जिवंत, हे तिला ठाऊक असायला हवं.

मला वाटलं होतं कोसळेल. ती हसली. म्हणाली, "म्हणजे माझं सुतक पाळलं त्यांनी. दादाने डोकं भादरलं असेल." मी पाण्याचा पेला द्यायला गेले तर माझा हात धरून तिने विचारलं, "त्या पोरीच्या हातावर गोंदलेलं होतं का, विचार दादाला."

मग तिने सांगितलं. भागीच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. पेठच्या जत्रेत कुसाबाईंनी गोंदवून आणलेलं. आईला तसंच हवं होतं, त्यावरून तिने घरात मार खाल्ला होता. चेहरा पाण्यात जातो मामा, गोंदण जात नाही. ज्या घरात मुलीने गोंदण मागितलं म्हणून मार दिला, त्या घराला गोंदलेला हात आपल्या मुलीचा वाटला?

दुसरं, आईने डिसेंबरात नैरोबीहून पत्र टाकलं होतं. लग्न झालं, सुखात आहे, क्षमा करा. परत आलं नाही, म्हणजे पोचलं. चूक झाली म्हणता ती तीन महिन्यांत तुमच्या दारात येऊन उभी राहिली होती. तेव्हा तुम्ही पोलिसांकडे गेला नाहीत. कुसाबाईंकडेही गेला नाहीत.

आणि "कुणाचं नुकसान झालं नाही" हे वाक्य मी आईला वाचून दाखवू शकले नाही. मी रागावले आहे. माझ्या आईचं घर शोधायला निघाले होते, आणि मला वाटतंय की मी एका मेलेल्या मुलीच्या अंगावर उभी आहे.

खरं लिहा. नाहीतर मी रामकुंडावर जाऊन विश्वेश गुरुजींसमोर ती नोंद चुकीची आहे असं मोठ्याने सांगेन. पुढचं नाशिक बघून घेईल.

अपूर्वा

*

नाशिक, २ डिसेंबर २०२५

अपूर्वा,

दहा दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. लिहितो. वडिलांनी ओळख पटवली हे खोटं होतं. ते घराबाहेर पडलेच नव्हते. गेलो मी एकटा.

इंदू गौरीविसर्जनाच्या दिवशी गेली. देवघरात चिठ्ठी ठेवली होती, त्यामुळे ती जिवंत आहे आणि कुणाबरोबर गेली आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वडिलांनी अन्न सोडलं. शाळेत शिकवायला जाणं सोडलं. मला म्हणाले, "ती मेली असती तर मी जेवलो असतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगेला पाणी चढत होतं. कुसाबाई तापाने पडली होती, म्हणून धुण्याला भागी आली. सणाचे कपडे साचले होते. आई तिला म्हणाली, आज घाटावर नको, आणि पाठोपाठ म्हणाली, लवकर आटप. मी ऐकलं. दहाच्या सुमारास मागच्या दारी गेलो. तिसऱ्या पायरीवर बोचकं होतं, अर्धं धुतलेलं. पाणी लगतच्या खालच्या पायरीपर्यंत आलं होतं. भागी नव्हती. मी दोन हाका मारल्या आणि बोचकं वाहून जाईल म्हणून आत आणलं.

दुपारी कुसाबाई पोरीला शोधत आली. पूर असताना आम्ही तिला पाठवलं, हे अंगावर येणार होतं. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ती धुणं टाकून केव्हाच गेली. कुसाबाई वळली, आणि मी बोचक्यातलं उरलेलं धुणं स्वतः खळबळून वाळत घातलं. त्यात माझा सदरा होता. ओझरच्या कारखान्यात मुलाखतीला मी तोच घालून गेलो.

दसकला प्रेत लागल्याचं कळलं तेव्हा मी काय बघायला जातो आहे हे मला ठाऊक होतं. गावात कुजबुज होतीच की मुल्हेरकरांची मुलगी दिसत नाही. हवालदाराने विचारलं, तुमचीच का? चादरीबाहेर हात आला होता. तुळशीवृंदावन स्पष्ट होतं. मी चादर हातावर ओढली आणि म्हणालो, आमचीच.

त्या संध्याकाळी वडील जेवले. त्यांना जेवायला घालण्यासाठी मी मेलेली बहीण आणून दिली. तेव्हा मला ते पुत्रकर्तव्य वाटलं होतं. बावीस वर्षांचा होतो, हे कारण म्हणून लिहीत नाही.

दहाव्या दिवशी कुसाबाई भांडी घासायला आली. अंगात ताप होता. इंदूसाठी ती ओक्साबोक्शी रडली. जाताना मला म्हणाली, "दादा, तुमची निदान सापडली. माझी कुठं तोंड काळं करून गेली, देवाला ठावं."

तू हिशेबी डोक्याची आहेस, तुला हे सांगायला नको, पण मला एकदा लिहायचं आहे. पळून गेली आमची मुलगी, आणि तिला चांगलं मरण मिळालं. मेली त्यांची, आणि तिला पळून गेलेलीचं नाव मिळालं. भागीची धाकटी बहीण ठकूबाई तेव्हा अकराची होती. पुढे कळवणला तिचं जमलेलं लग्न मोडलं. पळालेलीची बहीण म्हणून. शेवटी एका बिजवराला दिली. भाजीबाजारात तुझं मनगट धरलं ती तीच. तिला तुझ्यात माझी आई दिसली.

तू मोठ्याने सांगेन म्हणून धमकी देतेस. मी मोठ्याने ऐकत आलो आहे. १९६८च्या सिंहस्थात मी रामकुंडाजवळ गर्दीत उभा होतो. हरवले-सापडलेच्या कर्ण्यावर पुकारा झाला: भागीबाई, वय बावीस, उजव्या हातावर गोंदण, कुठे असशील तिथून पोलीस चौकीपाशी ये, तुझी आई कुसाबाई वाट बघते आहे. देशभरची माणसं नाशकात येतात, त्यात ती असेल असं कुसाबाईला वाटायचं. पुढच्या सिंहस्थात पुन्हा, वय चौतीस. त्याच्या पुढच्या खेपेस पंचेचाळीस. मग कुसाबाई गेली. मला वाटलं, संपलं. २००३ साली पुकारा झाला, वय सत्तावन्न. नाव ठकूबाईने दिलं होतं. २०१५ला एकोणसत्तर. मी त्या काळात गाव सोडून जाऊ शकलो असतो. दर वेळी जाऊन उभा राहिलो, का ते मला सांगता येत नाही.

त्या लोकांनी तिचा दहावा केला नाही, पितृपक्षात पान वाढलं नाही. जिवंत माणसाचं कोण वाढणार?

घर उभं आहे. मी त्यातच राहतो. मागचं दार मी चौसष्ट सालीच खिळे मारून बंद केलं.

ठकूबाईला सांगण्याचं धैर्य मला नाही. तू सांगितलंस तर मी नाकारणार नाही, एवढंच वचन देतो. इथे आतापासूनच पुढच्या सिंहस्थाचे रस्ते खणायला घेतले आहेत. ती नाव देणारच. वय एक्क्याऐंशी.

दिवाकर

*

नाशिक, १४ जानेवारी २०२६

मामा,

हे पत्र हॉटेलच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, म्हणजे आजच मिळेल. आम्ही काल पोचलो. आई चाकाच्या खुर्चीत आहे, आवाज बारीक झाला आहे, पण शुद्ध पूर्ण आहे. तुमचं पत्र तिने माझ्या हातून काढून घेऊन स्वतः वाचलं होतं. दोन दिवस ते तिने उशाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तिकीट काढ, पण घर बघायला नव्हे.

आज सकाळी टॅक्सी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. ड्रायव्हरने वेग कमी केला. आईला कोपऱ्यावरून घराची ओसरी दिसली असावी, कारण तिने माझा हात दाबला. मग ड्रायव्हरला म्हणाली, पुढे घ्या. भाजीबाजारात पत्ता विचारून आम्ही पेठ रोडला ठकूबाईंच्या खोलीवर गेलो.

बोलायचं मी ठरवलं होतं. मला जमलं नाही. आईने सांगितलं, सगळं, गौरीविसर्जनापासून. आपली चिठ्ठी, धुण्याचं बोचकं, चादर, वहीतली नोंद. तुम्हाला तिने वाचवलं नाही आणि स्वतःलाही नाही. ती म्हणाली, मी पळाले त्याचं फळ तुझ्या बहिणीच्या पदरात पडलं, आणि मला ते कळायला म्हातारपण यावं लागलं.

ठकूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. हात थांबला नाही. जुडी संपली तेव्हा त्या उठल्या, आईजवळ आल्या, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि निरखत राहिल्या. मला वाटलं मारतील. त्या म्हणाल्या, "लय म्हाताऱ्या झाल्या तुम्ही, इंदुताई. ती बी आता एवढीच झाली असती."

मग त्यांनी नातीला हाक मारली. वैष्णवी म्हणून कॉलेजात जाणारी मुलगी आहे. तिला म्हणाल्या, "तुझी थोरली आजी पळाली नव्हती. कामाला गेली होती." हे त्यांनी सुनेला सांगितलं, शेजारच्या बाईला सांगितलं, दुधाचे पैसे मागायला आलेल्या माणसालाही सांगितलं. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा त्यांना बहिणीबद्दल दारात उभं राहून बोलता आलं. आई ते ऐकत मान खाली घालून बसली होती आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे काही करू शकले नाही.

पोलिसांत जायचं का, असं मी विचारलं. वैष्णवीला जायचं आहे. ठकूबाई म्हणाल्या, ते मागाहून बघू. वहीतली नोंद बदलायची आहे, दहावा करायचा आहे, त्याचंही त्या बघतील. तुम्हाला शिक्षा व्हावी का, ह्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्याची मला भीती वाटते.

त्यांना एकच गोष्ट हवी आहे, आणि ती तुमच्याकडेच आहे. उद्या अकरा वाजता आम्ही तुमच्याकडे येतो. आई म्हणाली, दादाला आधी कळवावं, बेसावध गाठू नये. तुमच्यासाठी तिने एवढंच मागितलं. शौनकला बोलवू नका. आजारी पडू नका.

कुसाबाई गेल्या, आजी-आजोबा गेले, तो हवालदारही गेला असेल. भागीला शेवटचं पाहिलेलं माणूस आता तुम्ही एकटे उरला आहात. तिचं तोंड कसं दिसत होतं, डोळे मिटलेले होते की उघडे, केस बांधलेले होते का, हे ठकूबाईंना विचारायचं आहे. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, असं तुम्ही मला लिहिलं होतं. ते खरं होतं की तेही खोटं, हे त्या तुमच्याकडे बघून ठरवतील. आई शेजारीच बसलेली असेल.

अपूर्वा